बिघडलेली कळ आणि दुरुस्तीचा अधिकार

संगणकाच्या माउसची डावी कळ बिघडणे ही घटना इतकी क्षुल्लक आहे की, तिच्यावर साप्ताहिकाचे एक पान खर्ची घालावे काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी आणि शेतीची दुरवस्था हे प्रश्न उभे असताना चार बोटांच्या एका वस्तूची चर्चा कशाला? परंतु अर्थव्यवस्थेचे खरे स्वरूप जसे अंदाजपत्रकाच्या आकड्यांत दिसते, तसेच ते घरातील लहानसहान वस्तूंतही दिसते. काही रुपयांचा एक सुटा भाग निकामी झाला म्हणून कित्येक पट किमतीची धडधाकट वस्तू उकिरड्यावर जाते आणि याला सर्व जण निसर्गनियम मानू लागतात, तेव्हा त्या नियमामागे कोणते मालकीसंबंध उभे आहेत हे तपासणे समाजवादी विचाराचे कामच ठरते.

मालवण तालुक्यातील आचरा गाव उदाहरणादाखल घ्यावे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, मधे नारळीच्या बागा आणि रामेश्वराचे देवस्थान. देवाचा कौल झाला की सारा गाव घरांना कुलुपे लावून, गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर राहावयास जातो, त्या गावपळणीमुळे आचऱ्याचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पण आजचे आचरा हे केवळ परंपरेचे गाव नाही. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, परीक्षांचे अर्ज हे सारे व्यवहार आता कोकणातील प्रत्येक गावाप्रमाणे येथेही संगणकाच्या पडद्यावरून होतात. शासनाने कागद मागे घेतला आणि त्याच्या जागी सेवा केंद्रातील संगणक आणला. त्या संगणकापर्यंत पोहोचण्याचा हात म्हणजे माउस. त्याची कळ एकदा दाबली असता दोनदा दाबली गेली, तर अर्ज दोनदा पुढे जातो, निवडलेली ओळ सुटते, जोडलेला कागद उघडण्याऐवजी बंद होतो आणि रांगेतील माणसाचा खोळंबा होतो. साधन क्षुल्लक असले, तरी नागरिकाचा हक्क आता त्याच्यावर टेकलेला आहे.

बिघाडाचे शास्त्र

हा बिघाड नेमका काय आहे हे समजून घेतल्याशिवाय त्याचे अर्थकारण कळणार नाही. माउसच्या प्रत्येक कळीखाली सुमारे १३ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद अशी एक काळी डबी असते. तिला मायक्रोस्विच म्हणतात. या जातीच्या स्विचचा शोध १९३० च्या दशकात अमेरिकेत लागला, म्हणजे तो माउसहूनही जुना आहे. डबीच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची अतिशय पातळ पट्टी असते आणि तिच्या मधोमध कापून काढलेली एक जीभ धनुष्यासारखी वाकवलेली असते. वरचा दट्ट्या दाबला की ही ताणलेली पट्टी एका विशिष्ट क्षणी झटक्याने खालच्या संपर्कबिंदूवर आपटते. आपण ऐकतो तो ‘टक’ आवाज या झटक्याचा असतो. बोट उचलताच पट्टी तशाच झटक्याने परत वर जाते.

कालांतराने दोन गोष्टी घडतात. एक तर लाखो वेळा वाकून त्या जिभेचा ताण मंदावतो आणि पट्टी ठामपणे टेकण्याऐवजी थरथरते. दुसरे म्हणजे संपर्कबिंदूवर गंजासारखा पातळ थर चढतो. जुन्या यंत्रांत स्विचमधून पुरेसा प्रवाह वाहत असे आणि त्यामुळे असा थर आपोआप फुटत असे. आजच्या बिनतारी माउसमध्ये बॅटरी वाचावी म्हणून व्होल्टेज आणि प्रवाह इतके कमी ठेवलेले असतात की हा थर भेदण्याची ताकद त्यांच्यात उरत नाही. माउसमधील चिप काही सहस्रांश सेकंद वाट पाहून ही थरथर दुर्लक्षित करते, पण थरथर त्या मुदतीपेक्षा लांबली की एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. आचऱ्यासारख्या ठिकाणी समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा या क्रियेला हातभार लावतात. येथे खिडकीचे गज आणि सायकलची साखळी ज्या वेगाने गंजते तो वेग पाहता, उघड्या धातूच्या या सूक्ष्म बिंदूंची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येते.

उत्पादकांच्या लेखी अशा स्विचचे आयुष्य १ कोटी किंवा २ कोटी दाब असे छापलेले असते. सेवा केंद्रातील माणूस दिवसाला ५,००० वेळा कळ दाबतो आणि वर्षाचे ३०० दिवस काम करतो असे धरले, तर वर्षाला १५ लाख दाब होतात. त्या हिशेबाने १ कोटी दाबांचा स्विच साडेसहा वर्षे टिकावयास हवा. पण हा आकडा प्रयोगशाळेतील यांत्रिक आयुष्याचा असतो. अल्प प्रवाह आणि खारी हवा त्या हिशेबात येत नाहीत, आणि कळ त्यापूर्वीच दगा देते. अशा वेळी माउसचे कवच, तार, प्रकाशकिरणाने पृष्ठभाग वाचणारा भाग आणि चिप हे सारे शाबूत असते. निकामी झालेला असतो तो एक स्विच, ज्याची सुटी किंमत काही रुपयांपासून फार तर काही दशक रुपयांपर्यंत असते.

घरच्या घरी होणारे काम

ही दुरुस्ती घरी होऊ शकते, आणि तिला मोठी विद्या लागत नाही. प्रथम माउस संगणकापासून सोडवावा किंवा त्याची बॅटरी काढावी. मग तळाच्या गुळगुळीत पट्ट्या हलक्या हाताने उचलल्या की त्यांच्याखाली स्क्रू सापडतात. एखादा स्क्रू नाव छापलेल्या कागदाखालीही दडवलेला असतो. कवच उघडल्यावर स्विच समोर दिसतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे दट्ट्याच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडून कळ शे-दोनशे वेळा दाबणे आणि ती पूर्ण वाळू देणे. पुष्कळदा एवढ्याने काम भागते, मात्र हा गुण बहुधा तात्पुरता असतो. त्यापुढची पायरी म्हणजे पातळ पात्याने स्विचचे झाकण उचलून, अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्कबिंदूंमधून फिरवणे आणि सुईच्या टोकाने जिभेला पुन्हा थोडा बाक देणे. झाकण उचलताना मोहरीएवढा दट्ट्या उडून हरवतो, म्हणून हे काम पांढऱ्या कापडावर करावे.

खात्रीचा उपाय मात्र स्विच बदलण्याचा. त्याचे तीन पाय सोल्डरिंग आयर्नने तापवून, तांब्याच्या विणलेल्या पट्टीने कथील शोषून घेऊन जुना स्विच काढावयाचा आणि त्याच मापाचा नवा डागावयाचा. नवा स्विच मिळत नसेल तर त्याच माउसमधील उजव्या कळीचा किंवा दुसऱ्या मोडक्या माउसचा स्विच काढून बसवता येतो, कारण बहुतेक माउसमध्ये हे स्विच एकाच मापाचे असतात. कथिलात शिसे असू शकते, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात धुवावेत आणि अल्कोहोल सुकल्याशिवाय तापलेले लोखंड जवळ आणू नये. ज्या गावात रेडिओ, पंखा आणि पंपाची मोटर दुरुस्त करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या गावाला यातील काहीही अशक्य नाही.

‘परवडत नाही’ या शब्दाचा अर्थ

असे असताना ही दुरुस्ती होत का नाही? बाजारपेठेचे उत्तर ठरलेले आहे: परवडत नाही. साधा तारेचा माउस तीन-चारशे रुपयांत नवा मिळतो. त्यासाठी कारागिराने अर्धा-पाऊण तास का घालवावा? शिवाय आचऱ्याच्या माणसाला नवा स्विच हवा असेल तर मालवण किंवा कणकवली गाठावी लागते, आणि तेथेही अख्खा माउस मिळतो, स्विच मिळेलच असे नाही. एस.टी.चे भाडे आणि मोडलेला दिवस धरला तर हिशेब नव्या माउसच्या बाजूने झुकतो.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. नव्या माउसच्या किमतीत तो फेकल्यानंतरचा खर्च धरलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचरा अधिकृतपणे गोळा करून पुनर्वापरात आणला गेला. उरलेल्यातील मोठा भाग आपल्या देशात दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तेथे हातमोज्यांवाचून, आम्लाच्या वाफेत आणि जळत्या प्लास्टिकच्या धुरात माणसे त्यातून तांबे वेगळे करतात. माउस स्वस्त असतो तो या माणसांची फुप्फुसे त्याच्या हिशेबात धरलेली नाहीत म्हणून. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते तो कोणा ना कोणाच्या शरीरातून वसूल होतच असतो.

दुसरी गोष्ट अशी की ‘परवडत नाही’ ही परिस्थिती घडवलेली आहे. स्क्रू चिकटपट्टीखाली दडवणे, स्विच उपटता येणार नाही असा डागणे, सुटे भाग तालुक्याच्या बाजारात न पाठवणे, रचनेचा आराखडा गुप्त ठेवणे हे सारे निर्णय कोणीतरी घेतलेले असतात. खेळाच्या शौकिनांसाठी बनवलेल्या काही महागड्या माउसमध्ये स्विच खोबणीत बसवलेले असतात. ते डागकामावाचून, चिमट्याने काढून बदलता येतात, आणि काही कंपन्या जादा स्विच पेटीतच देतात. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. जो पाच-सात हजार रुपये मोजतो त्याला दुरुस्तीची सोय मिळते. ज्याची उपजीविका त्या कळीवर चालते त्या सेवा केंद्रातील माणसाला ती मिळत नाही. यात कोणाचे कारस्थान आहे असे सिद्ध करण्याची गरजही नाही. टिकाऊपणातून उत्पादकाला काही मिळत नसेल आणि पुनर्खरेदीतून मिळत असेल, तर कारस्थानावाचूनही वस्तू अल्पायुषीच होतील.

कारस्थानाचीही उदाहरणे मात्र इतिहासात आहेत. विजेचे दिवे बनविणाऱ्या युरोप-अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी १९२४ साली ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर बांधून टाकले. त्याहून जास्त टिकणारा दिवा बनविणाऱ्या सभासदाला दंड होत असे. पुढे मंदीच्या काळात, १९३२ साली, बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थाने वस्तूंचे आयुष्य कायद्यानेच मर्यादित करावे, म्हणजे मागणी वाढेल, अशी पुस्तिका लिहिली. कायदा झाला नाही, पण वृत्ती रुजली.

चरख्याची अट

आपल्या देशात याच्या नेमका उलट विचार त्याच सुमारास मांडला गेला होता, याचे स्मरण आज फारसे कोणाला नाही. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातील झोपडीत चालावे, त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, ते किमान २० वर्षे टिकावे आणि त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही, पण ती कसोटी अमूल्य आहे. गांधीजी यंत्रविरोधी होते हा समज कायम असला, तरी येथे यंत्राला विरोध दिसत नाही. यंत्र कोणाच्या हाती राहील, ते किती वर्षे चालेल आणि मोडल्यावर त्याचा मालक कोणावर अवलंबून राहील, हे प्रश्न खरेदीच्या अगोदर विचारलेले आहेत. शिवणयंत्राला त्यांनी मान्यता दिली होती, हे १९२४ सालच्या त्यांच्या संवादावरून प्रसिद्धच आहे.

समाजवादी व कामगार चळवळीने संगणकाबाबत वेगळा प्रश्न विचारला होता. संगणकामुळे किती हातांचे काम जाईल, हा तो प्रश्न. बँकांतील यांत्रिकीकरणाबाबत १९८३ साली व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, त्यामागे ही चिंता होती आणि ती अनाठायी नव्हती. पण संगणक आल्यानंतर त्याच्या देखभालीतून व दुरुस्तीतून किती हातांना काम मिळू शकते, हा जोडप्रश्न मागे पडला. दुरुस्तीचे काम कारखान्यातील उत्पादनाप्रमाणे एका जागी एकवटता येत नाही. ते गावोगावी, वस्तूच्या जवळच करावे लागते. बेकार तरुणांच्या देशात विकेंद्रित रोजगाराचे हे क्षेत्र आपण ‘परवडत नाही’ एवढ्या दोन शब्दांवर सोडून दिले आहे.

मालवणच्या किनाऱ्याला हा विचार परका नाही. रापणीचे जाळे फाटले म्हणून कोणी ते समुद्रात फेकून दिले नाही. ज्यांचा मासळीत वाटा, त्यांचाच जाळे सांधण्यातही वाटा, हा तेथील व्यवहार. तांब्याच्या भांड्यांना कल्हई, होडीच्या फळ्यांना डागडुजी, कौलांची शाकारणी ही कामे पावसाळ्याच्या आगेमागे वार्षिक क्रमाने होत. त्या समाजव्यवस्थेत जातीचे जोखड होते आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु वस्तू राखण्याचे ज्ञान गावातच असे, ही तिची बाजू विसरण्याजोगी नाही.

कायदा कोठे आहे?

दुरुस्तीच्या अधिकाराची मागणी आता जगभर उठली आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीविषयक निर्देश संमत केला. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी सुट्या भागांची अडवणूक हा स्पर्धेचा भंग आहे हे तत्त्व त्यातून पुढे आले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्या वर्षाच्या डिसेंबरात एक शासकीय पोर्टल सुरू झाले. २०२४ साली दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी आणखी एक समिती झाली आणि तिने २०२५ साली अहवाल दिला. त्यात प्रारंभ स्मार्टफोन व टॅब्लेटपासून करावा असे सुचविले आहे.

ही पावले स्वागतार्ह आहेत. पण महाग वस्तूंच्या या यादीत माउस, कळफलक, चार्जर यांसारख्या गरिबांच्या वाट्याला येणाऱ्या साधनांना जागा नाही. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आणि त्यांत संगणकासोबतची साधनेही येतात. मात्र या नियमांचा भर वस्तू मोडून धातू परत मिळवण्यावर आहे. वस्तू मोडावीच लागू नये, हा विचार त्यात दुय्यम आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

येथे एक सावधगिरीही हवी. ‘घरच्या घरी दुरुस्त करा’ हा उपदेश सहज फसवा होऊ शकतो. उत्पादकाने निकृष्ट माल द्यावा आणि ग्राहकाने आपल्या फुकटच्या श्रमाने त्याची भरपाई करावी, असा त्याचा अर्थ होता कामा नये. घरातील फुकटचे श्रम बहुधा कोणाच्या वाट्याला येतात हे स्त्रीचळवळीने केव्हाच सांगितले आहे. शिवाय दारिद्र्याला काटकसरीचे सुंदर नाव देण्याचाही मोह टाळावयास हवा. दुरुस्ती हा गरिबाचा नाइलाज होऊन चालणार नाही. तो प्रत्येक ग्राहकाचा हक्क आणि कारागिराचा सन्मानाचा, पुरेशा मोबदल्याचा व्यवसाय असला पाहिजे.

म्हणून मागणी दुहेरी असावी. शासनाकडे मागावयाचे ते असे: माउससारख्या साधनांचा दुरुस्तीयोग्यता निर्देशांकात समावेश व्हावा, स्विच एका ठरावीक मापाचे व खोबणीतून बदलता येणारे असावेत, स्क्रू उघड्यावर असावेत आणि सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी छापील किमतीत मिळावेत. शासन स्वतः शाळा, कचेऱ्या व ग्रामपंचायतींसाठी प्रचंड प्रमाणावर ही साधने विकत घेते. निविदेत या अटी घातल्या, तर संसदेच्या कायद्याची वाट न पाहता बाजार वळू शकतो.

लोकांनी स्वतः करावयाचे काम याहून लहान, पण आजच सुरू होण्याजोगे आहे. अ‍ॅमस्टरडॅम येथे २००९ साली शेजाऱ्यांनी एकत्र बसून वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू झाला. २०१५ साली तो बंगळूरला आला. मालवणच्या किनाऱ्यावर त्यासाठी परदेशी नावाची जरुरी नाही. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, गावोगावी शाळा व वाचनालये आहेत. महिन्यातून एक रविवार, एक सोल्डरिंग आयर्न, दोन स्क्रूड्रायव्हर आणि वर्गणीतून आणलेले पन्नास स्विच एवढ्या भांडवलावर पंचक्रोशीतील सेवा केंद्रे व शाळा यांचे माउस पुन्हा चालते करता येतील. शिकणाऱ्या मुला-मुलींच्या हाती कसब येईल, आणि कोणत्या कंपनीचा माल उघडता येतो व कोणाचा येत नाही याची नोंदही होईल. ही नोंद म्हणजेच उद्याच्या मागणीचा पुरावा.

जो समाज आपल्या हातातील साधन उघडू शकत नाही, तो त्या साधनाचा नुसता वापरणारा राहतो. त्याचा मालक दुसराच कोणीतरी असतो. उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होतो हे खरे, पण तो तेथे संपत नाही. सेवा केंद्राच्या टेबलावर, एका न चालणाऱ्या कळीपाशीही तो उभा असतो. ती कळ दुरुस्त करण्याने व्यवस्था बदलणार नाही. परंतु ती दुरुस्त करता येते हे ज्याला एकदा कळले, तो पुढच्या खेपेस ‘परवडत नाही’ हे उत्तर निमूटपणे ऐकून घेणार नाही. चळवळीला अशीच माणसे हवी असतात.